टनामागे किती? त्याआधी विहिरी किती?

तुमचा प्रश्न मला असा समजला. वर्षाला १० लाख टन कार्बन डायऑक्साइड, २० वर्षं, जमिनीवरूनच, खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्माच्या थरात साठवायचा विचार आहे. हाताशी दोन जुन्या शोधविहिरींचे लॉग (विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या खडकाच्या नोंदी) आणि काही टू-डी सिस्मिक रेषा (जमिनीत कंपनं पाठवून मिळवलेली थरांची उभी चित्रं) आहेत. व्यवस्थापनाला सहा आठवड्यांत 'टनामागे साठवणीचा खर्च' हवाय. तुम्ही प्रसिद्ध अहवालांतले आकडे जमवले, सरासरी काढली, वर ३० टक्के कंटिन्जन्सी, म्हणजे अनपेक्षित खर्चाची तरतूद, लावली आणि विचारताय की हे चालेल का. जाता जाता हेही विचारलंय की जवळच्या, वायू काढून संपलेल्या क्षेत्राचा पर्याय स्वस्त पडेल का.

सरासरी चालणार नाही, आणि सरसकट ३० टक्के तर अजिबातच नाही. का, ते सांगतो. मग सहा आठवड्यांत करता येण्यासारखं काय आहे, तेही सांगतो.

आधी ते प्रसिद्ध आकडे. युरोपातल्या झेप (झीरो एमिशन्स प्लॅटफॉर्म) या मंचाने २०११ साली साठवणीच्या खर्चाचा एक अभ्यास केला होता. त्यात टनामागे साधारण १ युरोपासून २० युरोपर्यंतची उत्तरं निघाली. लेखक तेच, पद्धत तीच, वर्षही तेच, तरीही वीसपट फरक. स्वस्त टोकाला जमिनीवरची, जुन्या विहिरी पुन्हा वापरता येतील अशी रिकामी तेल-वायू क्षेत्रं होती आणि महाग टोकाला समुद्रातले खारे जलधर, म्हणजे खाऱ्या पाण्याने भरलेले खडकाचे थर. या दोन टोकांची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तसा प्रकल्प जगात कुठेच नसतो.

दुसरी अडचण हद्दीची. 'साठवण' नेमकी कुठून सुरू होते? काही अहवालांत कॉम्प्रेसर साठवणीत मोडतो, काहींत तो वायू वेगळा करण्याच्या यंत्रणेत. पाइपलाइन कधी आत, कधी बाहेर. कार्बन डायऑक्साइड वातावरणाच्या दाबावरून पाइपलाइनच्या दाबाला आणायला टनामागे साधारण १०० युनिट वीज लागते. तुमच्या १० लाख टनांना ती वर्षाला १० कोटी युनिट झाली, म्हणजे अकरा-बारा मेगावॉट अखंड चालणारा भार. एवढ्या विजेचा खर्च एका अहवालात आत आणि दुसऱ्यात बाहेर असेल, तर त्यांची बेरीज-वजाबाकी करण्यात काय अर्थ आहे? म्हणून पहिल्या पानावर, कुठलाही आकडा लिहिण्याआधी, एक वाक्य लिहा: आमचा हिशेब अमुक व्हॉल्व्हपासून सुरू होतो आणि विहीर बंद करून जागा सोपवण्यापर्यंत जातो. सोबत किमती कोणत्या वर्षाच्या, तेही लिहा. खोदाईचे दर तेलाच्या धंद्याबरोबर वर-खाली होतात आणि तो चढउतार सर्वसाधारण महागाईच्या तक्त्यात दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. टनामागे खर्च हे हिशेबाचं शेवटचं उत्तर असतं. सुरुवातीच्या टप्प्यावर खरे प्रश्न दोनच. एक, हा खडक वर्षाला १० लाख टन घेणार असेल तर त्याला किती विहिरी आणि किती क्षेत्र लागेल? दोन, हा खडक घेतो की नाही हे कळेपर्यंत किती पैसा घालवावा लागेल, जो परत मिळण्याची खात्री नाही? पहिल्या प्रश्नावर खर्चाचा मोठा भाग ठरतो. दुसऱ्यावर तुमचं व्यवस्थापन खरं तर निर्णय घेणार असतं, मग त्यांनी तो विचारलेला असो वा नसो.

एकच उद्दिष्ट दोन खडकांत किती वेगळं वागतं ते पाहा. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइप्नर इथे १९९६ पासून वर्षाला साधारण १० लाख टन एकाच विहिरीतून उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात जात होते. थर जाड, भुसभुशीत, पाणी सहज वाहू देणारा. अल्जीरियात इन सालाह इथे २००४ ते २०११ या काळात तीन आडव्या विहिरींतून मिळून सुमारे ३८ लाख टन गेले. तिथला थर जेमतेम २० मीटर जाड आणि घट्ट. वार्षिक सरासरी काढलीत तर तीन आडव्या विहिरींनी मिळून स्लाइप्नरच्या एका विहिरीएवढंही काम केलेलं नाही. यात खोदणाऱ्यांचा दोष नाही, खडकच तसा.

तुमचा थर या दोन्हींत कुठे बसतो हे दोन लॉगवरून नक्की कळणार नाही, पण पल्ला बांधता येतो. विहीर किती घेईल हे ढोबळमानाने तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: थराची पार्यता (द्रव किंवा वायू किती सहज वाहू देतो ते), थराची उपयोगी जाडी आणि दाब वाढवायला मिळणारी मोकळीक. जाडी लॉगवरून बऱ्यापैकी कळते. सच्छिद्रताही, म्हणजे खडकात छिद्रांची जागा किती, कळते. पार्यता मात्र लॉग थेट मोजत नाही, ती सच्छिद्रतेवरून अंदाजाने काढलेली असते आणि हा अंदाज दहापट इकडेतिकडे असू शकतो. जुन्या विहिरींतून कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढलेला असेल आणि तो एखाद्या गोदामात अजून पडून असेल, तर सहा आठवड्यांतला सगळ्यात फायद्याचा खर्च म्हणजे तो शोधून प्रयोगशाळेत पाठवणं. निकाल मुदतीत येणार नाहीत कदाचित. तरी पाठवा.

दाबाची मोकळीकही समजून घ्या, कारण तिथे एक चुकीची समजूत वारंवार दिसते: उथळ विहीर स्वस्त, म्हणून उथळ थर बरा. कार्बन डायऑक्साइड दाट राहायला हवा असेल तर तो त्याच्या क्रांतिक बिंदूच्या, म्हणजे ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बारच्या, वर हवा. म्हणून साधारण ८०० मीटरपेक्षा उथळ थर बादच होतो. पण त्याखालीही खोलीचा हिशेब सरळ नाही. समजा १,००० मीटरवर मूळ दाब १०० बार आहे आणि खडक १६० बारला फाटतो. अमेरिकेच्या क्लास सहा विहिरींच्या (कार्बन डायऑक्साइड साठवणीसाठीच्या विहिरींच्या) नियमांत इंजेक्शनचा, म्हणजे वायू आत सोडण्याचा, दाब खडक फाटण्याच्या दाबाच्या ९० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. तोच निकष लावला तर मर्यादा १४४ आणि मोकळीक ४४ बार. तशाच खडकात १,५०० मीटरवर मूळ दाब १५०, फाटण्याचा २४०, मर्यादा २१६, मोकळीक ६६ बार. म्हणजे दीडपट खोल गेलात तर प्रत्येक विहीर महाग पडेल, पण ती दीडपट माल घेईल. मात्र खोलीबरोबर सच्छिद्रता आणि पार्यता सहसा घटतात, त्यामुळे हा फायदा कधी पूर्ण मिळतो, कधी मिळतच नाही. दोन-तीन खोल्यांवर हा हिशेब मांडून पाहायला एक दुपार पुरते.

यातून तीन प्रकरणं तयार करा: कमी, मधलं, जास्त. उदाहरणादाखल, एका विहिरीची क्षमता वर्षाला दीड लाख, चार लाख आणि नऊ लाख टन धरू. १० लाखांना अनुक्रमे ७, ३ आणि २ विहिरी लागतील. प्रत्येकात एक राखीव जोडा, कारण दुरुस्तीसाठी विहीर बंद असताना कारखाना थांबत नाही. झाल्या ८, ४ आणि ३. या पल्ल्याला ३० टक्के कंटिन्जन्सी कशी पुरेल? चारच्या जागी आठ लागल्या, तर विहिरींचा खर्चच दुप्पट होतो, शिवाय जोडपाइप, जागा, रस्ते आणि प्रत्येक विहिरीची देखरेख वाढते.

आणखी एक सापळा. सात विहिरी एका विहिरीच्या सातपट माल घेतील हे पहिल्या काही महिन्यांपुरतं खरं. नंतर त्यांचे दाब एकमेकांना भिडतात. थर चहूबाजूंनी भ्रंशांनी (खडकातल्या तुटींनी) बंदिस्त असेल, तर विहिरी वाढवून फारसं काही साधत नाही. नॉर्वेच्याच स्नोव्हिट प्रकल्पात २००८ साली इंजेक्शन सुरू झालं, टुबाएन थरातला दाब अपेक्षेपेक्षा वेगाने चढला आणि २०११ मध्ये त्यांना वरच्या स्टो थराकडे वळावं लागलं. त्यांच्याकडे वळायला दुसरा थर होता. तुमच्या लॉगमध्ये असा दुसरा थर दिसतो का ते आत्ताच पाहा. असेल तर तो अहवालात ठळकपणे नोंदवा, कारण तो फुकट मिळालेला विमा आहे. नसेल, तर 'जास्त खर्चा'च्या प्रकरणात थरातलं पाणी बाहेर काढण्याच्या विहिरी धरा. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन इथे अशीच व्यवस्था केलेली आहे: साठवणीच्या थरातलं पाणी काढून वरच्या दुसऱ्या थरात सोडायचं, म्हणजे दाब आटोक्यात राहतो. २०१९ मध्ये इंजेक्शन सुरू झालं, पण पाण्याच्या या व्यवस्थेत वाळूने अडथळे आणले आणि इंजेक्शन आराखड्यातल्या क्षमतेच्या बरंच खाली राहिलं. पाणी काढायचं ठरलं की ते कुठे टाकायचं हा स्वतंत्र प्रकल्पच होऊन बसतो, आणि सुरुवातीच्या अंदाजांत बहुतेक वेळा तो शून्य धरलेला असतो.

उलट दिशेनेही घडतं, हे न्यायाने सांगायला हवं. कॅनडात अल्बर्टातल्या क्वेस्ट प्रकल्पात सुरुवातीला जास्त विहिरींची तयारी ठेवली होती, पण खडक चांगला निघाला आणि तीनच खोदल्या. २०१५ पासून तिथे वर्षाला साधारण १० लाख टन जाऊ लागले. म्हणून 'वाईटच होईल' असं धरून फुगवलेला अंदाजही चांगला नाही. त्याने चांगला प्रकल्प कागदावरच मरतो.

विहिरींनंतर क्षेत्र. याकडे लोक क्षमतेचा प्रश्न म्हणून पाहतात, मी खर्चाचा म्हणून पाहतो. साधं सूत्र: क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले सच्छिद्रता गुणिले वायूची घनता गुणिले कार्यक्षमतेचा गुणांक. हा शेवटचा गुणांक सगळा घोटाळा करतो. १०० चौरस किलोमीटर क्षेत्र, ५० मीटर जाडी, २० टक्के सच्छिद्रता आणि घनमीटरला ६५० किलो घनता धरली, तर छिद्रांत सैद्धांतिकदृष्ट्या ६५ कोटी टन मावतील. पण पाणी जागा सोडत नाही, वायू थराच्या माथ्याला पसरतो, कोपरे रिकामे राहतात. २ टक्के कार्यक्षमता धरली तर १ कोटी ३० लाख टन. तुम्हाला हवेत २ कोटी, म्हणजे सुमारे १५५ चौरस किलोमीटर. थर बंदिस्त निघाला आणि कार्यक्षमता अर्ध्या टक्क्यावर आली, तर हेच क्षेत्र ६१५ चौरस किलोमीटर होतं.

आता या ६१५ मागे काय काय येतं बघा. थ्री-डी सिस्मिक क्षेत्रफळाच्या प्रमाणात महागतं, आणि ते एकदा नाही, देखरेखीसाठी पुन्हा पुन्हा करायचं असतं. भूगर्भातल्या जागेचे हक्क जिथे विकत किंवा भाड्याने घ्यावे लागतात, तिथे तो खर्च क्षेत्राबरोबर वाढतो. दाबाचा प्रभाव जिथवर पोचतो तिथवरच्या सगळ्या जुन्या विहिरी तपासाव्या लागतात, गरज पडली तर पुन्हा उघडून बुजवाव्या लागतात. हा एक गुणांक तुमच्या तक्त्यातल्या निदान चार ओळी हलवतो आणि चारही एकाच दिशेने. म्हणून प्रत्येक ओळीला वेगवेगळी टक्केवारी लावून बेरीज करणारे तक्ते मला पटत नाहीत. त्या बेरजेत चुका एकमेकींना छेदतात असं गृहीत धरलेलं असतं. इथे त्या एकमेकींना धरून चालतात.

जमिनीवरच्या यंत्रसामग्रीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे नेहमीची पद्धत चालते. कॉम्प्रेसर, पंप, ड्रायर यांचा खर्च क्षमतेच्या ०.६ घाताने वाढतो असं धरलं तर क्षमता दुप्पट झाल्यावर खर्च साधारण दीडपट होतो. पाइपलाइनला लांबी आणि व्यास. विहिरींना मात्र हा ०.६ चा नियम लावू नका. विहिरी पायऱ्यांनी वाढतात. पहिल्या विहिरीवर रिग (खोदाईचं यंत्र) आणण्याचा खर्च बसतो, पुढच्या त्यामानाने स्वस्त पडतात, आणि वर्षभराने पुन्हा एक खोदायची ठरली की तो आणण्याचा खर्च परत बसतो.

दर मिळत नसतील तर माझी एक सवय सांगतो. सुरुवातीच्या तक्त्यात मी चलन लिहीतच नाही. एका पूर्ण इंजेक्शन विहिरीचा खर्च म्हणजे १ एकक. बाकी सगळं त्या एककात: सिस्मिक इतकी एककं, देखरेखीची विहीर इतकी, जुनी विहीर बुजवणं इतकं. चलन शेवटी, स्थानिक खोदाई कंत्राटदाराचा एक खरा दर हाती आल्यावर. याचा फायदा असा की बैठकीत लोक दरावरून भांडण्याऐवजी विहिरींच्या संख्येवरून भांडतात, आणि भांडण तिथेच व्हायला हवं.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: कळेपर्यंत किती घालवायचं. खालचे आकडे केवळ हिशेब दाखवण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा एका जागेचा कागदी अभ्यास ०.०५ एकक, सिस्मिक ०.३, कोअर आणि चाचणीसह शोधविहीर १.२५. यशस्वी जागेचं बिल झालं १.६. बहुतेक तक्त्यांत हेच १.६ लिहिलेलं असतं. पण कागदावर निम्म्याच जागा टिकतात, सिस्मिकनंतर त्यातल्या ६० टक्के आणि विहिरीनंतर पुन्हा ६० टक्के असं धरलं, तर सुरू केलेल्या १०० पैकी १८ जागा शेवटपर्यंत पोचतात. प्रत्येक सुरू केलेल्या जागेवर सरासरी खर्च ०.०५ अधिक ०.१५ अधिक ०.३७५, म्हणजे ०.५७५. त्याला ०.१८ ने भागा. एका यशस्वी जागेमागे जवळजवळ ३.२ एककं. दुप्पट.

आता कागदी अभ्यासावर दुप्पट पैसे खर्च करा, ०.१०. त्यामुळे चाळणी कडक झाली: कागदावर ३० टक्केच टिकल्या, पण टिकलेल्यांपैकी सिस्मिकनंतर ८० टक्के आणि विहिरीनंतर ७५ टक्के राहिल्या. शेवटी पोचणाऱ्या जागा तेवढ्याच, १८ टक्के. खर्च मात्र ०.१० अधिक ०.०९ अधिक ०.३०, म्हणजे ०.४९, आणि यशस्वी जागेमागे सुमारे २.७. अभ्यासावरचे जादा पैसे वसूल होऊन वर शिल्लक. तुमच्याकडे एकच जागा आहे, त्यामुळे ही सरासरी जशीच्या तशी लागू होत नाही. पण 'ही जागा फसली तर दुसरी शोधायची की प्रकल्प सोडायचा' हा प्रश्न व्यवस्थापनाला आत्ता विचारा. दुसरी शोधायची असेल, तर तिचा खर्च आजच्या अंदाजात हवा.

शोधविहीर खोदायची वेळ आली की तिचं पुढे काय करणार हेही आधीच ठरवा. ती नंतर इंजेक्शनला किंवा देखरेखीला वापरायची असेल, तर ओल्या कार्बन डायऑक्साइडला टिकणारं सिमेंट आणि खालच्या भागात क्रोमियमयुक्त पोलाद सुरुवातीलाच लागतं. जादा खर्च होतो, पण एक विहीर वाचते. जागा फसण्याची शक्यता मोठी असेल तर स्वस्तातली विहीर खोदून बुजवलेली बरी. माझा कल सहसा पहिल्याकडे असतो, पण तो खडकाची बऱ्यापैकी खात्री असेल तेव्हाच.

मग वेळ. टनामागे खर्च काढताना एकूण खर्च भागिले एकूण टन असा भागाकार मी अजूनही अहवालांत पाहतो. समजा भांडवल १००, आज खर्च झालं. इंजेक्शन पाच वर्षांनी सुरू होऊन २० वर्षं चालतं, दर वर्षी १० लाख टन. साध्या भागाकाराने दर १० लाख टनांमागे ५. पण ८ टक्के डिस्काउंट दराने (पुढचं मोल दर वर्षी तेवढं कमी धरून) ते टनही आजच्या मोलात आणले, तर २० वर्षांचे टन ६.७ वर्षांएवढेच भरतात आणि उत्तर १५ च्या आसपास येतं. तिप्पट. परवानगीला आणखी तीन वर्षं लागली तर १९ च्या जवळ. खडकात काहीही बदल न होता. प्रत्यक्षात सगळे पैसे पहिल्या दिवशी जात नाहीत, त्यामुळे फरक इतका टोकाचा नसतो. तरीही वेळापत्रकाची एक ओळ संवेदनशीलतेच्या तक्त्यात असायलाच हवी. माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा कॉम्प्रेसरच्या किमतीपेक्षा जास्त हलते.

याच्या अगदी उलट प्रकार बंद केल्यानंतरच्या देखरेखीचा. तुमचं कायद्याचं क्षेत्र कोणतं यावर इथे बरंच अवलंबून आहे. अमेरिकेत इंजेक्शन थांबल्यावर मूळ धरलेला काळ ५० वर्षांचा आहे, मात्र पुरावा देऊन वेगळा काळ मंजूर करून घेता येतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार जबाबदारी शासनाकडे जाण्याआधी साधारणपणे किमान २० वर्षं जावी लागतात, आणि सोपवताना निदान पुढच्या ३० वर्षांच्या देखरेखीचा खर्च भागेल एवढी रक्कम द्यावी लागते. डिस्काउंट केल्यावर हे सगळं क्षुल्लक दिसतं, कारण ३० वर्षांनंतरचा एक रुपया ८ टक्के दराने आज दहा पैशांचा. पण आर्थिक हमी नियामक आधीच मागतो. ती बँक हमी असो वा ठेव, तिचं वार्षिक शुल्क किंवा अडकलेला पैसा पहिल्या वर्षापासून मोजावा लागतो. देखरेख शेवटच्या रकान्यात आणि हमी सुरुवातीच्या रकान्यात, असं लिहा.

देखरेखीच्या पद्धतीवरही खर्च बराच बदलतो. इन सालाह इथे उपग्रहाच्या रडारने विहिरींवरची जमीन वर्षाला काही मिलिमीटरने उचलली जातेय हे दाखवलं, तेही सिस्मिकच्या मानाने नगण्य खर्चात. पण तिथे उघडं वाळवंट होतं. दाट झाडी किंवा शेती असेल तर तोच उपग्रह तितकं नीट सांगत नाही.

इथवरचं एकत्र धरून अहवाल कसा मांडाल? खडकाच्या तीन प्रकरणांवरून तीन स्तंभ, प्रत्येकात विहिरींची संख्या, क्षेत्र आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या ओळी. जमिनीवरच्या यंत्रांना टक्केवारीची कंटिन्जन्सी लावा, खडकाला लावू नका, त्याची अनिश्चितता स्तंभांतच आलेली आहे. अंदाजाचा वर्ग स्पष्ट लिहा. एएसीई इंटरनॅशनल या खर्च-अंदाज व्यावसायिकांच्या संस्थेच्या वर्गवारीत तुमचा अंदाज पाचव्या वर्गाचा, म्हणजे प्रकल्पाची व्याख्या ० ते २ टक्के झालेली असतानाचा. त्या वर्गाची नेहमीची अचूकता खाली उणे २० ते उणे ५० टक्के आणि वर अधिक ३० ते अधिक १०० टक्के धरली जाते. ही वर्गवारी प्रक्रिया उद्योगांसाठी बेतलेली आहे, तिथे जमिनीखाली काय आहे हा प्रश्न एवढा मोठा नसतो. म्हणून व्यवस्थापनाला दुपटीची शक्यता दाखवायला कचरू नका. दशांश चिन्हानंतर दोन अंक असलेला टनामागचा खर्च पाचव्या वर्गाच्या अहवालात दिसला की मी तो अहवाल तिथेच मिटतो.

आणि तीन स्तंभांखाली एक परिच्छेद: पुढच्या टप्प्यावर इतके पैसे खर्च केले तर या तीन स्तंभांतला कोणता बाद होऊ शकतो. जुन्या कोअरची चाचणी झाली तर पार्यतेचा पल्ला आवळेल. टू-डी रेषा नव्याने प्रोसेस केल्या तर थर भ्रंशांनी बंदिस्त आहे की मोकळा याचा काही अंदाज येईल. निर्णय घेणाऱ्यांना टनामागच्या आकड्यापेक्षा हा परिच्छेद जास्त उपयोगी पडतो, असं मी पाहिलंय.

राहिला वायुक्षेत्राचा पर्याय. झेपच्या अभ्यासात तो स्वस्त टोकाला होता, हे वर आलंच. कारणं सरळ आहेत: लाखो वर्षं वायू धरून ठेवलेला आच्छादक खडक, वर्षानुवर्षांच्या उत्पादनाची नोंद आणि दाब घटलेला असल्याने भरपूर मोकळीक. शोधाचा टप्पा बराच आखूड होतो. पण दोन खर्च विसरू नका. दाब फार घटला असेल, तर दाट कार्बन डायऑक्साइड आत शिरताच प्रसरण पावून थंड होतो, विहिरीच्या तळाशी गोठण आणि हायड्रेटचा (पाणी आणि वायूच्या बर्फासारख्या स्फटिकांचा) धोका येतो. मग सुरुवातीची काही वर्षं वायू गरम करून किंवा कमी दाबाने, कमी वेगाने सोडावा लागतो. दुसरा खर्च जुन्या विहिरींचा. खाऱ्या जलधरात तुमच्याकडे दोन आहेत, जुन्या वायुक्षेत्रात डझनांनी असतील, आणि त्या बुजवणाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइडचा विचार केलेला नसेल. इन सालाह इथेही वायू जाऊन पोचला तो एका जुन्या मूल्यमापन विहिरीपर्यंत.

म्हणून दोन्ही पर्यायांची तुलना सुरू करण्याआधी त्या क्षेत्रातल्या प्रत्येक विहिरीची एक यादी करा: कोणत्या वर्षी खोदली, आच्छादक खडकासमोर सिमेंट आहे का, सिमेंट-बाँड लॉग (सिमेंट नीट चिकटलंय का याची नोंद) घेतला होता का, केसिंग (विहिरीतला पोलादी नळ) कापून वर जमीन सपाट केलीय की विहिरीचं तोंड अजून दिसतं. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण केसिंग कापून पुरलेली विहीर पुन्हा गाठणं हे कधी कधी नवी विहीर खोदण्याइतकं महाग पडतं. यादीतल्या अशा विहिरी मोजा, प्रत्येकीला १ एकक लावा आणि ती बेरीज खाऱ्या जलधराच्या मधल्या स्तंभाशेजारी ठेवा. बेरीज चार-पाच एककांच्या पुढे गेली, तर वायुक्षेत्राचा स्वस्तपणा बहुधा तिथेच संपलेला असेल. ही यादी तयार झाली की इथे टाका, विहिरींची नावं झाकून. त्यातल्या कोणत्या खरोखर अवघड आहेत ते मग पाहता येईल.